डिप्लोमा रिसायटलमध्ये कॉन्चेर्टोला पियानोची साथ : तयारी, क्रम आणि नेहमीच्या चुका

व्हायोलिनचा विद्यार्थी मोत्सार्टच्या कॉन्चेर्टोवर (एक सोलोवाद्य आणि ऑर्केस्ट्रा यांची रचना) वर्षभर घाम गाळतो आणि साथ करणाऱ्याच्या हातात झेरॉक्सचे कागद पडतात ते परीक्षा तोंडावर आल्यावर. मुंबई, पुणे, पणजी, कुठेही जा, हेच चित्र. साथ करणारे मोजकेच, त्यामुळे एकच माणूस एका सत्रात चार-पाच उमेदवार सांभाळत असतो. मग रिडक्शन (ऑर्केस्ट्राच्या भागाची पियानोसाठीची प्रत) छापलंय तसंच्या तसं बडवलं जातं, लांबलचक टुट्टी (सोलो थांबून ऑर्केस्ट्रा वाजतो तो भाग) एक तर पूर्ण वाजते नाही तर ऐनवेळी कुठे तरी तुटते, आणि काडेन्झा (सोलोवादक एकटाच वाजवतो तो भाग) संपताना दोघं एकमेकांची तोंडं बघतात. साथीदाराला परीक्षक गुण देत नाही हे खरं, पण उमेदवाराची लय, त्याचा सूर आणि त्याचा धीर या तिन्हींवर पियानोचा हात असतो.

हे टप्पे साथीदार, उमेदवार आणि शिक्षक अशा तिघांनीही वाचावेत. मुख्य मुद्दा एकच: कॉन्चेर्टोतलं बहुतेक काम पहिल्या तालमीच्या आधी, हातात पेन्सिल घेऊन करायचं असतं. क्रम उलटा झाला की उरलेल्या सगळ्या तालमी भांडणात जातात.

## टप्पा १ : सिलॅबस आणि आवृत्ती आधी नक्की करा

ट्रिनिटी असो वा एबीआरएसएम (दोन्ही ब्रिटिश परीक्षा मंडळं), साथीदार उमेदवारानेच आणायचा असतो. परीक्षक पियानोवर बसत नाही आणि पानंही उलटत नाही. आपल्या परीक्षेचा चालू सिलॅबस उघडा आणि चार गोष्टी शोधा: कार्यक्रमाची एकूण वेळ, कॉन्चेर्टोतल्या कोणत्या मूव्हमेंट (खंड) वाजवायच्या, काडेन्झा सक्तीची आहे की ऐच्छिक, आणि टुट्टीबद्दल काय लिहिलंय. एबीआरएसएमच्या एआरएसएम डिप्लोमाचा कार्यक्रम ३० मिनिटांचा असतो आणि त्यातली किमान २० मिनिटं त्यांच्या यादीतल्या रचनांची लागतात. एवढ्याशा वेळात पियानोच्या एकट्या वाजण्यावर दोन-दोन मिनिटं घालवणं परवडत नाही. रेकॉर्ड केलेल्या ट्रॅकवर वाजवता येईल, असं परस्पर गृहीत धरू नका.

आता आवृत्ती. सर्वांत महागात पडणारी चूक इथेच होते. मोत्सार्टचा क्लॅरिनेट कॉन्चेर्टो, के. ६२२, ए मेजरमध्ये आहे आणि तो ए क्लॅरिनेटसाठी आहे. आपल्याकडे बहुतेक विद्यार्थ्यांकडे फक्त बी फ्लॅट क्लॅरिनेट असतो. त्यांच्यासाठी पियानोचा भाग बी फ्लॅट मेजरमध्ये बदलून छापलेली आवृत्ती वेगळी मिळते. गंमत अशी की क्लॅरिनेटचा लिखित भाग दोन्हींत सारखाच, सी मेजरमध्ये लिहिलेला. त्यामुळे उमेदवाराला घरी काहीच कळत नाही. साथीदार ए मेजरचं रिडक्शन बसवून येतो आणि पहिल्याच बारला (ठोक्यांच्या पहिल्याच गटाला) दोघांमध्ये अर्ध्या सुराचं अंतर पडतं. तसंच के. ३१४ चं. त्याच क्रमांकाचा कॉन्चेर्टो फ्लूटसाठी डी मेजरमध्ये आणि ओबोसाठी सी मेजरमध्ये आहे. दुकानात किंवा ऑनलाइन मागवताना नुसता क्रमांक सांगून भागत नाही; वाद्य आणि स्वरपट्टी दोन्ही सांगा.

शक्यतो सोलोचा भाग आणि रिडक्शन एकाच प्रकाशकाचं घ्या. वेगवेगळ्या आवृत्त्यांत रिहर्सल लेटर्स वेगळ्या जागी असतात, बार क्रमांक कधी छापलेलेच नसतात. आयएमएसएलपी या मोफत स्वरलिपींच्या संकेतस्थळावर मिळणारी जुनी रिडक्शन्स अभ्यासाला उत्तम, पण त्यांतले बो (गज) आणि फ्रेझिंगचे खुणावलेले आकार शंभर वर्षांपूर्वीच्या संपादकाचे असू शकतात, आणि उमेदवार मात्र आजच्या उर्टेक्स्ट (संगीतकाराच्या मूळ लिखाणाला धरून छापलेल्या) आवृत्तीवरून वाजवत असतो.

पडताळा : दोन्ही प्रती शेजारी ठेवा. दर दहाव्या बारवर पेन्सिलीने क्रमांक घाला आणि शेवटच्या बारचा क्रमांक दोन्हीकडे सारखा येतो का ते बघा. येत नसेल तर घोळ कुठे झालाय ते आजच शोधा.

सावधान : परीक्षेच्या खोलीत विकत घेतलेली मूळ प्रत बरोबर असू द्या. पान उलटण्याची सोय म्हणून काढलेल्या झेरॉक्सबद्दल सिलॅबसमध्ये नियम दिलेला असतो, तो वाचा.

## टप्पा २ : रिडक्शन शेजारी पूर्ण स्कोअर ठेवा

रिडक्शन म्हणजे ऑर्केस्ट्राचा भाग कुणा संपादकाने दोन हातांत कोंबलेला असतो. संगीतकाराने पियानोसाठी लिहिलेलं ते नव्हे. त्यामुळे त्यातले सूर गाळण्याचा, बदलण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. नव्हे, ती तुमची जबाबदारीच आहे. सोनाटामध्ये ही मोकळीक नसते. तिथे ब्राह्म्सने लिहिलेला प्रत्येक सूर वाजवावाच लागतो. एकाच कार्यक्रमात सोनाटा आणि कॉन्चेर्टो दोन्ही असतील, तर डोक्यातला हा खटका बदलायला विसरू नका.

पूर्ण स्कोअर समोर ठेवून एकदा शांतपणे वाचा आणि रिडक्शनवर वाद्यांची नावं लिहा: इथे हॉर्न, इथे बासून, इथे तंतुवाद्यांचं पिझिकाटो (बोटांनी छेडणं). हे लिहिल्याशिवाय पेडल किती घ्यायचं ते कळत नाही. पिझिकाटोवर पेडल नको. हॉर्नचा चार बार लांब सूर पियानोवर दुसऱ्या बारला विरून जातो, तेव्हा तो मधल्या एखाद्या दुबळ्या ठोक्यावर हलकेच पुन्हा वाजवावा लागतो. तो कुठे, ते आत्ताच ठरवा.

मग गाळायला बसा. काय ठेवायचं याचा क्रम असा:

१. बास. सोलोवाद्य आपला सूर बासवरून तपासतं. बास कधीच गाळू नका.

२. ज्या लयीवर सोलोवादक टेकतो ती लय. बहुधा दुसरी व्हायोलिन आणि व्हिओला यांची.

३. सोलोला उत्तर देणारी सुरावट.

४. उरलेलं सगळं. हाताला जमलं आणि आवाज वाढला नाही तरच.

तंतुवाद्यांचा ट्रेमोलो (बोची जलद थरथर) पियानोवर छापल्यासारखा वाजवला की छपरावर पाऊस पडल्यासारखा आवाज येतो. ब्रुखच्या जी मायनर कॉन्चेर्टोची सुरुवात बघा: टिंपनीचा अगदी दबलेला रोल, त्यावर लाकडी सुषिर वाद्यांची छोटी ओळ, आणि मग व्हायोलिन खालच्या मोकळ्या जी तारेवरून एकटं वर चढतं. रिडक्शनमध्ये हा रोल खालच्या सप्तकात जलद थरथर म्हणून लिहिलेला असतो. तो मोजून बत्तिसाव्यांत वाजवू नका. कळ पूर्ण वर येऊ न देता, तळाशीच, कमी आवर्तनांत हलवा, पेडल अर्धं घ्या. तोच कॉर्ड सोळाव्यांत जलद पुन्हा पुन्हा येत असेल तर दोन हातांत वाटून घ्या किंवा आठव्यांत आणा. दोन्ही हातांतली ऑक्टेव्ह दुप्पट झाली असेल तर एक थर काढून टाका. परीक्षकाला तो थर गेलेला कळत नाही, पण सोलो ऐकू येत नसला तर ते लगेच कळतं.

मेंडेल्सोनच्या ई मायनर व्हायोलिन कॉन्चेर्टोत दीड बारची साथ झाली की लगेच सोलो येतो. हा दीड बार बहुतेक जण बिघडवतात. चिन्ह कट टाइमचं आहे, म्हणजे बारमध्ये दोन ठोके. चार मोजत सुरू केलं की व्हायोलिनची सुरावट दुसऱ्या ओळीपर्यंत जड होते. आठव्यांची ती हलती आकृती एका पातळीवर ठेवा, वरचा सूर पुढे काढू नका, पेडल पातळ ठेवा. तिथे काम आहे फक्त जमीन तयार करण्याचं.

पडताळा : गाळलेलं रिडक्शन स्वतःच्या फोनवर रेकॉर्ड करा आणि पूर्ण स्कोअर बघत ऐका. बास आणि हार्मनी बदलण्याच्या जागा नीट ऐकू आल्या, की हा टप्पा झाला.

## टप्पा ३ : टुट्टी कापा, आणि कागदावर कापा

मोत्सार्टच्या के. ६२२ मध्ये क्लॅरिनेट येण्याआधी ५६ बार ऑर्केस्ट्रा वाजतो. चार ठोक्यांच्या बारमध्ये, मिनिटाला १२० च्या आसपासच्या लयीत, हे जवळजवळ दोन मिनिटांचं काम आहे. जी मेजर व्हायोलिन कॉन्चेर्टो, के. २१६, मध्ये ३७ बार आणि ए मेजर, के. २१९, मध्ये ३९ बार. तेवढा वेळ उमेदवार वाद्य घेऊन उभा, हात थंड होताहेत, तोंड कोरडं पडतंय. कापणं अटळ आहे. प्रश्न फक्त कुठे आणि कसं.

कापताना हे बघा.

सुरुवात ठेवा, शेवट ठेवा, मधलं काढा. पहिले काही बार ठेवले की रचनेचा स्वभाव कळतो. सोलोआधीचे शेवटचे सहा-आठ बार ठेवले की उमेदवाराला लय, स्वरपट्टी आणि श्वास घ्यायला जागा मिळते. वेळ फारच कमी असेल तर सुरुवातही सोडा आणि फक्त शेवटचे बार घ्या. दोनच बारांवर मात्र आणू नका. उमेदवाराची नजर स्थिर व्हायच्या आत त्याला वाजवावं लागतं.

सांधा एकाच हार्मनीवर घ्या. ज्या कॉर्डवर थांबलात त्याच कॉर्डवर, त्याच ठोक्यावर पुढे निघा. टॉनिकच्या (स्वरपट्टीच्या मूळ कॉर्डच्या) कॅडेन्सनंतर, म्हणजे वाक्याच्या विरामानंतर, टॉनिकवर सुरू होणारं वाक्य मिळालं तर उत्तम. बारच्या मध्ये सांधा असेल तर तो दहा वेळा एकट्याने वाजवा. ऐन परीक्षेत बोटं जुन्या वाटेने पुढे जातात आणि कापलेला भाग वाजू लागतो. अशा वेळी उमेदवार चेहरा पाडून उभा राहतो.

लयबदल असलेली जागा वेगळी तपासा. के. २१९ हे याचं चांगलं उदाहरण. टुट्टी अलेग्रो आपेर्तो (जलद) आहे, पण व्हायोलिन येतं ते सहा बारच्या आदाजोत (संथ लयीत), आणि अलेग्रो परततो त्यानंतर. म्हणजे टुट्टीतून दिलेली लय उमेदवाराला लगेच उपयोगी पडतच नाही. टुट्टी संपल्यावर थोडं थांबा, उमेदवाराने मान किंवा बो हलवून आदाजोची लय द्यावी, त्यानंतरच साथीतली ती बारीक थरथरती आकृती सुरू करा. मग अलेग्रो परत येतो तेव्हा साथीला टुट्टीच्या सुरुवातीचीच सुरावट मिळते आणि तिच्यावर सोलो आपलं नवं गाणं घालतो. सुरुवात कापून टाकली असेल, तर परीक्षकाच्या कानाला हा धागा लागत नाही. म्हणून या कॉन्चेर्टोत मी तरी सुरुवातीचे थोडे बार ठेवतेच.

मधल्या टुट्टी सरसकट काढू नका. सुषिर वाद्य वाजवणाऱ्याला श्वास आणि ओठांना विसावा हवा असतो, व्हायोलिनवाल्याला एखादी तार हलकेच तपासायची असते. उमेदवाराला विचारा: तुला इथे किती बार लागतात? त्याचं उत्तर लिहून घ्या. बहुतेकांना हा प्रश्न कुणी विचारलेलाच नसतो.

शेवटची टुट्टी. काडेन्झाच्या ट्रिलनंतर (शेजारचे दोन सूर जलद आलटूनपालटून वाजतात त्यानंतर) मूव्हमेंट बंद करायला काही बार लागतातच. तिथे खूप कापलं तर दार आपटल्यासारखं वाटतं. पूर्ण ठेवलं तर उमेदवाराचं वाजवणं संपून मिनिटभर पियानोच चालतो. शेवटचा कॅडेन्स आणि त्याआधीचं एक वाक्य, एवढं पुरतं.

सगळे काट दोन्ही प्रतींवर लिहा. जिथून उडी मारायची तिथे ‘व्ही’ आणि जिथे उतरायचं तिथे ‘डे’ ही वादकांची जुनी खूण आहे. ती वापरा, किंवा सरळ मधल्या बारांवर पांढरा कागद चिकटवा. नुसती पेन्सिलची तिरकी रेघ प्रकाश कमी असला की दिसत नाही. काट ठरल्यावर स्टॉपवॉच लावून एकूण वेळ काढा, त्यात मूव्हमेंटमधल्या थांब्यांची आणि सूर मिळवण्याचीही वेळ धरा.

सावधान : सँ-साँसच्या ए मायनर चेलो कॉन्चेर्टोसारख्या रचनेत सुरुवातीला कापायला काही नाहीच. पूर्ण ऑर्केस्ट्राचा एक तुटक कॉर्ड आणि लगेच चेलोचे धावते ट्रिपलेट. इथे लय पियानो देत नाही. चेलोवादकाच्या श्वासावर आणि बोच्या हालचालीवर तो एक कॉर्ड पडला पाहिजे. हा एकच क्षण प्रत्येक तालमीत वेगळा काढून वाजवा.

## टप्पा ४ : सोलोचा भाग गळ्यात उतरवा

डावा हात बास वाजवतोय आणि तोंडाने सोलो गुणगुणताय, अशा पद्धतीने पूर्ण मूव्हमेंट पार करता आली पाहिजे. आवाज कसाही असो. जिथे गुणगुणणं अडतं तिथे साथही अडणार.

गुणगुणताना सोलोवादकाच्या शरीराचा विचार करा. व्हायोलिनवर तीन-चार तारांचा कॉर्ड एकदम वाजत नाही. खालचे सूर आधी येतात, वरचे नंतर. तुमचा बास कशाबरोबर पडणार? बहुधा वरच्या सुराबरोबर, पण उमेदवाराला विचारून ठरवा आणि लिहून ठेवा. वरच्या पोझिशनला मोठी उडी असेल तिथे किंचित वेळ जातो. फ्लूट आणि क्लॅरिनेटमध्ये फ्रेझच्या शेवटी श्वास घेतला जातो, तिथे तुमचा पुढचा ठोका आधी पडला तर उमेदवार अर्ध्या श्वासावर पुढचं वाक्य वाजवतो आणि चार बारांनंतर त्याचा सूर खाली येतो. असे श्वास रिडक्शनवर स्वल्पविरामाने दाखवा.

जे हार्मोनियमच्या साथीतून आलेत त्यांना एक वेगळी सवय मोडावी लागते. गायकाची जागा ऐकायची आणि तिच्या मागोमाग ती काढायची, ही तिथली खरी कसब. कॉन्चेर्टोत मागोमाग म्हणजे उशीर. इथे सोलोवादकाचा श्वास बघून त्याच्या बरोबरच पडावं लागतं, आणि त्यासाठी तो पुढे काय करणार ते आधीच ठाऊक असावं लागतं.

## टप्पा ५ : तालमींचा क्रम

पहिली तालीम सुरुवातीपासून सुरू करू नका. तसं केलं की पहिली दोन पानं तीनदा होतात आणि शेवटच्या पानाला वेळ उरत नाही. आधी सांधे घ्या: प्रत्येक सोलो प्रवेश, प्रत्येक काट, प्रत्येक फर्माटा (सूर लांबवून थांबायची खूण), लयबदल, काडेन्झाचा शेवट. हे जुळले की मगच मूव्हमेंट सलग वाजवा. न थांबता. चुकलेल्या जागा मागाहून.

लय कोण ठरवतं? सोलोच्या भागात उमेदवार, टुट्टीत तुम्ही. पण टुट्टीची लय उमेदवाराच्या लयीपेक्षा वेगळी असून चालत नाही, आणि परीक्षेच्या दिवशी साथीदारही घाबरून दोन अंश पुढे जातो. उपाय सोपा आहे. सुरू करण्याआधी मनात पहिला बार आणू नका. उमेदवाराचा सर्वांत अवघड पॅसेज आणा, तो त्याला ज्या लयीत जमतो ती लय पकडा, आणि त्या लयीत टुट्टी सुरू करा.

दुसऱ्या तालमीत फोन परीक्षक बसेल तेवढ्या अंतरावर ठेवून रेकॉर्ड करा. पियानोवर बसून आवाजाचा समतोल कधीच कळत नाही. सोलोचा आवाज सहज दबतो तिथे खास लक्ष द्या: फ्लूटचं खालचं सप्तक, व्हायोलिनची जी तार, चेलोचा मधला भाग. तिथे उजव्या हाताचा भार काढून घ्या, बास मात्र तसाच राहू द्या. सगळंच दाबून वाजवलं तर उमेदवाराला पायाखाली काही मिळत नाही, आणि तो बिचारा हळूहळू मंदावतो. टुट्टीत मात्र मोकळेपणाने वाजवा. सोलो थांबल्यावरही जो साथीदार कुजबुजत राहतो, त्याच्यामुळे पूर्ण मूव्हमेंट फिकी पडते.

शेवटची तालीम पूर्ण कार्यक्रमाची, ठरलेल्या क्रमाने. चालत आत येणं, सूर मिळवणं, मूव्हमेंटमधले थांबे, सगळं धरून. परीक्षेचे कपडे आणि बूटही घाला. पेडलवर नवे बूट काय करतात ते तिथेच कळलेलं बरं.

सावधान : शेवटच्या तालमीनंतर काट बदलायचा नाही, काडेन्झा बदलायची नाही, लय बदलायची नाही. शिक्षकांनाही ही विनंती आहे. आदल्या संध्याकाळी आलेली ‘अजून एक छान कल्पना’ पुढच्या उमेदवारासाठी राखून ठेवावी.

## टप्पा ६ : काडेन्झात शिरणं आणि बाहेर येणं

क्लासिकल कॉन्चेर्टोत ऑर्केस्ट्रा सिक्स-फोर कॉर्डवर (टॉनिक कॉर्ड, पण त्याचा पाचवा सूर बासमध्ये) थांबतो. तो कॉर्ड भरदार वाजवा, पूर्ण वेळ धरा, आणि पेडल स्वच्छ सोडून हात मांडीवर घ्या. आवाज लोंबकळत राहिला तर काडेन्झाचा पहिला सूर धुरकट होतो. पान उलटायचं असेल तर ते इथेच, पहिल्या काही सेकंदांत.

तुमच्या प्रतीत काडेन्झा छापलेली असेलच असं नाही, आणि असली तरी उमेदवार दुसऱ्याच कुणाची वाजवत असू शकतो. त्याच्या काडेन्झाच्या शेवटच्या दोन ओळी हाताने उतरवून आपल्या पानावर चिकटवा. शेवटच्या ट्रिलला किती ठोके, ट्रिलच्या शेवटी दोन सुरांचा वळसा आहे की नाही, हे दोघांनी मिळून ठरवा. वळसा असेल तर तीच तुमची खूण: वळसा सुरू झाला की हात कळांवर, वळशानंतरच्या सुरावर तुमचा कॉर्ड. वळसा नसेल तर बो किंवा श्वासाची खूण लागेल. ट्रिल चालू असताना मोजत बसू नका. परीक्षेत ट्रिल एक तर लांबते नाही तर आखडते.

मेंडेल्सोनची गोष्ट वेगळी. तिथे काडेन्झा संगीतकारानेच लिहिली आहे, ती रिकॅपिट्युलेशनच्या (सुरुवातीचे विषय परत येतात त्या भागाच्या) आधी येते, आणि तिच्या शेवटी व्हायोलिन तारांवर उडत्या बोचे आर्पेजो (कॉर्डचे सूर एकामागून एक) वाजवत राहतं व ऑर्केस्ट्रा त्याच्याखाली मुख्य सुरावट हळूच आणतो. म्हणजे सोलो थांबतच नाही. चालत्या गाडीत चढायचं आहे. लय व्हायोलिनची. किमान चार आर्पेजो आधीपासून त्यांचा पहिला सूर मनात पकडा आणि अगदी हलक्या हाताने सुरावट ठेवा. इथे जोरात शिरलात तर बो उड्या मारायचा थांबतो.

त्याच कॉन्चेर्टोत पहिली मूव्हमेंट संपून लगेच दुसरी वाजणार असेल, तर बासूनच्या बी सुराची तयारी करा. ऑर्केस्ट्रात शेवटच्या कॉर्डमधला हा एक सूर धरलेला राहतो आणि मग अर्ध्या पायरीने सी वर जातो. पियानोवर शेवटचा कॉर्ड वाजवतानाच बी वर एक बोट कायम ठेवा, पेडल सोडा, बाकीची बोटं उचला; बी एकटा उरतो. तो विरायला लागला तर अगदी हळू पुन्हा वाजवा. फक्त पहिली मूव्हमेंट वाजवायची असेल तर शेवटचा कॉर्ड साधा, एकत्र सोडा, बी धरू नका.

## टप्पा ७ : खोली, पियानो आणि पानं

परीक्षेच्या खोलीतला पियानो आधी बघायला मिळाला तर पाच मिनिटांत हे तपासा: पेडल किती खोलवर धरतं, कोणती कळ अडकते, वरचं सप्तक कर्कश आहे का, बाक खालीवर होतं का. पावसाळ्यात लाकूड दमट होऊन फुगतं, तारा ताणल्या जातात आणि पियानोचा ए ४४० हर्ट्झच्या वर सरकतो. व्हायोलिनवाला तारा पिळून त्याला गाठतो. फ्लूट आणि क्लॅरिनेटचं तसं नाही: जोड बाहेर ओढून सूर खाली आणता येतो, पण जोड आधीच पूर्ण आत असेल तर वर नेता येत नाही. त्यात एसीच्या गारव्याने वाद्य थंड पडलं की सूर आणखी उतरतो. उमेदवाराने वाद्य शेवटच्या क्षणापर्यंत हातात, श्वासाने ऊबदार ठेवावं.

सूर देताना नुसता एक ए ठोकू नका. ए आणि त्याच्या खालचा ए एकत्र द्या, हळू द्या, पुरेसा वेळ द्या. तंतुवाद्याला डी मायनरचा कॉर्डही मदत करतो. बी फ्लॅट क्लॅरिनेटला पियानोचा बी फ्लॅट द्या, म्हणजे त्याला आपला सी मिळतो.

पियानोचं झाकण छोट्या काठीवर. पूर्ण बंद केलं तर आवाज थोडा कमी होतो, पण गढूळही होतो. उमेदवार पियानोच्या वळणापाशी असा उभा राहावा की तुम्हाला त्याचा बो किंवा खांदा दिसेल. चेलोवाल्याची खुर्ची अगदी पुढे नेली तर तुम्हाला फक्त पाठ दिसते. तालमीतच जागा ठरवा.

पानं उलटायला माणूस असेल तर तो शेवटच्या तालमीला असावाच. त्याला काट माहीत नसतील तर तो बरोबर वाचून चुकीच्या वेळी उलटतो. टॅब्लेट आणि पायाचं पेडल वापरणार असाल तर ब्लूटूथ जोडून बघा, नोटिफिकेशन बंद करा, आणि छापील प्रत बाकाशेजारी ठेवा. व्हिडिओ रेकॉर्डिंगने परीक्षा असेल तर कार्यक्रम सलग एकाच टेकमध्ये द्यावा लागतो. माइक पियानोच्या पोटाजवळ नको, सोलोवादकाकडे सरकवा.

उमेदवार स्वतःच पियानोचा असेल आणि ऑर्केस्ट्राचा भाग दुसऱ्या पियानोवर तुम्ही वाजवणार असाल, तर दोन्ही पियानो एकाच दिवशी, एकाच ट्यूनरकडून लावून घ्या. दुसऱ्या पियानोचं झाकण बंद ठेवा. बाकी सगळे टप्पे तेच.

## टप्पा ८ : परीक्षेच्या खोलीत

आत गेल्यावर घाई नको. प्रत उघडा, पहिला काट डोळ्यांनी बघा, उमेदवाराकडे बघा, मग सुरू करा.

उमेदवार घसरला तर काय, हे आधीच ठरवलेलं हवं. एक-दोन ठोके गेले तर त्याच्याबरोबर उडी घ्या आणि बास पकडा. एखादी ओळ किंवा अर्धं पान गेलं तर उजवा हात सोडून द्या, फक्त बास आणि हार्मनी चालू ठेवा आणि कानाने त्याची जागा शोधा. सापडली की पूर्ण हाताने या. यासाठी रिडक्शनवर ठळक ठिकाणं लाल पेन्सिलीने आधीच खुणावून ठेवा: दुसरा विषय, डेव्हलपमेंटची (विषयांचा विस्तार होतो त्या मधल्या भागाची) सुरुवात, रिकॅपिट्युलेशन. उमेदवार पूर्ण थांबला तर सर्वांत जवळच्या खुणेच्या आधीचे दोन बार स्पष्ट वाजवा, त्याला त्यातून आत येता येतं. काडेन्झात अडखळला तर हात मांडीवरच. तिथे तुमची मदत म्हणजे दुसरा अपघात.

मान हलवून, तोंडाने ठोके मोजून किंवा डोळे वटारून सूचना देऊ नका. परीक्षकाला ते दिसतं, आणि उमेदवार बिथरतो तो वेगळाच.

मूव्हमेंट संपली की परीक्षक लिहीत असतो. त्याच्यासाठी ताटकळायची गरज नसते, उमेदवार तयार झाला की पुढे निघायचं. कॉन्चेर्टोनंतर साथ नसलेली रचना असेल, एकट्या व्हायोलिनची बाखची पार्टिता वगैरे, तर आपल्या सगळ्या प्रती उचला, स्टँडवर काही राहिलं नाही ना ते बघा आणि खोलीबाहेर जा. पुढे परत लागणार असाल तर दाराबाहेर थांबा, चहाला जाऊ नका.